ठणक्यावरचे उतारे

(भिगवण येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



दातांच्या डॉक्टरला व्याख्यानाला बोलावलं की लोक धरूनच चालतात, आता हा दोन वेळा दात घासा म्हणणार. ते मी आज म्हणणार नाही. मला आज एका प्रश्नापासून सुरुवात करायची आहे, आणि तो प्रश्न तुमचाच आहे. वरची दाढ काढली की डोळा जातो का?

हसू नका. या पट्ट्यातला पन्नाशीच्या पुढचा माणूस खुर्चीत बसला, की तोंड उघडण्याआधी हे विचारतो. दाढ पोखरून नुसतं टरफल उरलेलं असतं, गालफड सुजलेलं असतं, चार रात्री डोळ्याला डोळा लागलेला नसतो. तरी म्हणतो, "डॉक्टर, दाढ वरची हाय. नजरेला काय व्हायचं नाय ना?" सोबत आलेली सून भर घालते, "आधीच एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं." आमच्या व्यवसायातले बहुतेक जण यावर एका वाक्यात उत्तर देतात, की ही खुळचट समजूत आहे. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. समजूत आजच्या घडीला चुकीची आहे हे खरंच, पण ती कुणा अडाण्यानं पारावर बसून रचलेली नाही. ती सुश्रुतसंहितेत लिहिलेली आहे.

सुश्रुतानं तोंडाचे रोग 65 मोजले. त्यांतले 15 दाताच्या मुळाचे, म्हणजे हिरडीकडचे, आणि 8 खुद्द दातांचे. चिकित्सास्थानाच्या 22व्या अध्यायात त्यांचे उपचार येतात. दाताच्या मुळाशी पू होऊन नाडी पडली, म्हणजे हिरडीला भोक पडून तिथून पू वाहू लागला, तर मांस कापून तो दात काढावा, असं सुश्रुत सांगतो. दुर्लक्ष केलं तर ती वाट जबड्याचं हाड फोडत पुढं जाते, म्हणून दात मुळासकट काढावा. इथपर्यंत आजच्या पुस्तकाशी त्याचं भांडण नाही. पण एक अट तो घालतो. दात वरचा नसावा. घट्ट बसलेला वरचा दात मुळापासून उपटला तर रक्त अतोनात जातं, भयंकर रोग होतात, माणूस एका डोळ्यानं आंधळा होतो, त्याचं तोंड वाकडं होतं. तेव्हा वरचा दात हलत असला तरी वैद्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

हा इशारा कशातून आला असेल? माझा अंदाज सांगतो. वरचा सुळा आणि त्याच्या शेजारचे दात यांच्या मुळाशी पू झाला, तर सूज नाकाच्या कडेनं थेट खालच्या पापणीपर्यंत चढते. चेहऱ्याच्या या भागातल्या नीला डोळ्यामागच्या नीलांना जोडलेल्या आहेत आणि त्यांतून रक्त दोन्हीकडं वाहू शकतं. दाताचा पू त्या वाटेनं डोळ्यामागं, तिथून मेंदूच्या तळाशी पोचतो. पेनिसिलीन 1940च्या दशकात हाती आलं. त्याआधी असा रोगी वाचणं कठीण, आणि वाचला तरी डोळा वाचेलच असं नाही. आता डोळ्यांसमोर आणा: बधिरीचं इंजेक्शन नाही, जंतू म्हणजे काय हे ठाऊक नाही, पू भरलेल्या वरच्या दाढेला कुणी हत्यार लावलंय. दहा जणांत एखादा असा गेला, तर वैद्य काय शिकेल? तो हेच शिकेल की वरच्या दाताला हात लावायचा नाही. निरीक्षण खरं होतं. फक्त दोष दात काढण्यावर गेला, तो पुवावर जायला हवा होता.

पाहणाऱ्याला दाढ आणि डोळा यांचं नातं पटावं असा आणखी एक पुरावा तोंडातच असतो. वरची दाढ ठणकली की कळ डोळ्याच्या खोबणीत जाते, कपाळाच्या कडेला जाते. खालची ठणकली की कानात जाते. हे सगळं एकाच नसेचं राज्य आहे. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांतली ही पाचवी जोडी. कानापुढं आत तिचं ठाणं आहे आणि तिथून तिच्या तीन फांद्या फुटतात: एक कपाळाला, एक वरच्या जबड्याला, एक खालच्या. वरच्या जबड्याची फांदी डोळ्याच्या खोबणीच्या तळातून जाते, पण डोळ्याला नजर देत नाही. नजरेची नस दुसरीच आहे, दुसऱ्या क्रमांकाची, आणि तिचा दाताशी काडीचा संबंध नाही. तोंड वाकडं होतं तेही या पाचवीमुळं होत नाही. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस सातवी.

पाचवी कळवते आणि सातवी हलवते, हे चार्ल्स बेलनं 1821 साली उलगडायला घेतलं, तोवर युरोपातल्या नावाजलेल्या शल्यवैद्यांनाही ठाऊक नव्हतं. चेहऱ्यात कळा मारणाऱ्या रोग्याची ते नस कापायचे आणि कापायचे सातवी. दुखणं होतं तसंच राही आणि वर तोंड वाकडं होऊन बसे. आपल्याकडं 'वारं गेलं' म्हणतात, तसं वारं शस्त्रानं आणलेलं. तेव्हा सुश्रुतानं दात, डोळा आणि वाकडं तोंड एका वाक्यात आणलं म्हणून त्याला हसण्याचा अधिकार कुणाला नाही. त्यानं तर जबड्याचा सांधा निखळण्याला दातांच्या आठ रोगांत बसवून त्याची लक्षणं अर्दितासारखी, म्हणजे तोंड वाकडं होण्याच्या रोगासारखी, असतात असंही नोंदवलं. अर्दिताची जी कारणं त्यानं दिली आहेत त्यांत मोठमोठ्यानं बोलणं, कठीण पदार्थ खाणं, फार हसणं आणि जांभया देणं यांचा समावेश आहे. पहिलं कारण व्याख्यात्यांसाठी, शेवटचं श्रोत्यांसाठी.

आता, दाताला हात लावायचा नाही आणि दात तर ठणकतोय. मग करायचं काय? इथून उताऱ्यांचा इतिहास सुरू होतो, आणि तो नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक उतारे दाताला बरं करत नाहीत. ते नसेला गप्प करतात. कुणी गुंगवून, कुणी दुसरीकडं जास्त झोंबवून, कुणी सरळ जाळून.

जाळणं हा सगळ्यांत सरळ मार्ग. किडलेल्या दाताच्या पोकळीत गूळ किंवा मेण भरायचं आणि तापवलेल्या सळईनं ते तिथंच जाळायचं, असं वाग्भट सांगतो. वितळलेला गूळ भोकाच्या तळापर्यंत उष्णता नेतो, आणि तळाशी असलेला मगज, म्हणजे रक्तवाहिनी आणि नस यांचा तो इवलासा तंतू, करपून जातो. क्षणभर जीव जाईल अशी कळ, मग शांत. वाग्भटाचा दुसरा उपाय सातवीण आणि रुई यांच्या चिकानं पोकळी भरण्याचा. हा उपाय पुस्तकातून उठून आपल्या बांधावर आला आणि अजून गेलेला नाही.

रुईचा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की रोग्यानं सांगण्याआधी ओळखतो. सकाळी सकाळी रुईचं पान देठाशी तोडायचं. पांढरा दाट चीक थेंबाथेंबानं येतो. काडीला कापसाचा बोळा गुंडाळून त्यावर तो टिपायचा आणि आरशात बघत, नाहीतर घरातल्या कुणाकडून, दाढेच्या भोकात बसवायचा. बोळा जागेवर बसला तर चीक मगजाला भाजतो आणि ठणका खरंच कमी होतो. पण तोंडात लाळ असते. चीक ओघळतो. माझ्यासमोर माणूस येतो तेव्हा दाढेशेजारची हिरडी आणि गालाची आतली बाजू पांढरीफटक पडलेली असते, बोटानं पुसायला गेलं तर साल निघते आणि खाली लालभडक मांस. तोच हात डोळ्याला लागला तर बुबुळाला सूज येऊन नजर धूसर होते. वरची दाढ काढली की डोळा जातो म्हणून घाबरणारा माणूस त्याच दाढेत रुईचा चीक घालतो आणि त्याच बोटानं डोळा चोळतो, हे मला फार विचित्र वाटतं.

दुसरा उतारा धुरीचा. रिंगणीच्या वाळल्या फळांच्या बिया तेला-तुपात माखून निखाऱ्यावर टाकायच्या, वर करवंटी किंवा गाडगं पालथं घालून त्याच्या भोकाला नळी लावायची, आणि नळीतला धूर किडक्या दाढेवर घ्यायचा. तोंड उघडं ठेवून लाळ खाली पाण्याच्या वाटीत गळू द्यायची. थोड्या वेळानं वाटीत पांढरे बारीक तंतू तरंगताना दिसतात आणि सगळे म्हणतात, पडली बघा कीड. आठवडे बाजारात हे करून दाखवणारे होते. काहींना तर धुराचीही गरज नसे, हातचलाखी पुरे.

दातात किडा असतो ही कल्पना आपली एकट्याची नाही. बाबिलोनच्या मातीच्या पाटीवर दाताच्या किड्याचा मंत्र कोरलेला सापडला आहे. युरोपातही शेकडो वर्षं अशीच धुरी देत, पण खुरासनी ओव्याच्या बियांची. तिकडं या 'किड्यां'चा उलगडा असा झाला: उष्णतेनं बी फुटतं आणि आतला अंकुर बाहेर पडतो, तो दिसतो अळीसारखा. शिवाय खुरासनी ओव्याच्या धुरात गुंगी आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळं थोडा आराम पडे आणि श्रेय अळी पाडणाऱ्याला जाई. पॅरिसच्या पिएर फोशारनं 1728 साली दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ छापला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही आपल्याला किडा आढळला नाही असं त्यानं त्यात लिहिलं, आणि दात बिघडण्याचा ठपका साखरेवर ठेवला. ऊस-साखरेची वालचंदनगर आणि भवानीनगर ज्यांच्या उशाशी आहेत त्या आपण हे लक्षात ठेवायला हरकत नाही. मात्र फोशारला डोक्यावर घेण्याआधी हेही ऐका, की दातदुखीवर स्वतःच्याच ताज्या लघवीनं चूळ भरायला त्यानं सांगितलं होतं. शास्त्र असंच पुढं जातं, एक पाय शेणात ठेवून. साखर आणि पिष्टापासून तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं, हे मिलर यानं 1890मध्ये मांडलं.

तिसरा गट झोंबणाऱ्या औषधांचा. अक्कलकारा दुकानात मुळीच्या रूपात मिळतो. आणि ओलाव्याच्या जागी उगवणारा, पिवळ्या बोंडांचा अक्कलकाढा पोरं गंमत म्हणून चघळतात. चघळलं की जिभेला मुंग्या येतात, लाळ सुटते, मग जीभ बधिर. अक्कलकाढ्यातल्या त्या द्रव्याचं नाव स्पिलँथॉल. कोरांटीचं नाव वज्रदंती, तिची पानं चावून ठणक्यावर धरतात. पेंढारकरांनी 1952 साली मुंबईत विको काढली, तिच्या दंतमंजनामुळं हे नाव देशभर झालं. शंकर दाजीशास्त्री पदे यांचं 'आर्यभिषक्' ज्या घरांत होतं त्या घरांत असे उपाय पुस्तकातून वाचून होत. पदेशास्त्री म्हणजे 1907 साली नाशिकला वैद्यांचं पहिलं अखिल भारतीय संमेलन भरवणारे. वामन गणेश देसाई यांचा 'औषधीसंग्रह'ही अशा काही कपाटांत सापडतो. बाकीच्यांचं पुस्तक म्हणजे आजी.

या सगळ्यांत खरा टिकला तो एकच, लवंग. माझ्या दवाखान्यात आजही लवंगेचं तेल आहे, फक्त बाटलीवर 'युजेनॉल' लिहिलेलं असतं. काचेच्या तुकड्यावर झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी घ्यायची, शेजारी दोन थेंब युजेनॉल, आणि पातळ सपाट चमच्यानं भुकटी थोडी थोडी ओढत घोटायचं. आधी लापशी होते, मग हळूहळू मळलेल्या कणकेसारखा गोळा. तो खोल किडलेल्या दाढेत तात्पुरता बसवला की मगज निवतो. खोलीभर लवंगेचा वास सुटतो. लहान पोरं दवाखान्याच्या दारातच रडायला लागतात ती त्या वासानं. लवंग काम कसं करते हेही आता कळलं आहे. नसेतून कळेचा संदेश पुढं जायला ज्या सूक्ष्म वाटा लागतात त्या युजेनॉल अडवतो. पण मात्रा वाढली की तोच युजेनॉल नसेला आणि मांसाला जाळतो. तेव्हा घरी लवंग दाताखाली धरणं ठीक, तेलाचा बोळा हिरडीवर दाबून झोपणं ठीक नाही, आणि तेलाची बाटली लहान मुलाच्या हाती लागणं तर मुळीच नाही. पोटात गेलं तर यकृतावर येतं.

मग तुम्ही विचाराल, हे सगळे उपाय फसवे होते तर शेकडो वर्षं टिकले कसे? आमच्या आजोबांची दाढ हिंगानं बरी झाली होती, त्याचं काय?

याचं उत्तर दाताच्या घडणीत आहे. शरीरात दुसरीकडं कुठं सूज आली तर तिला पसरायला जागा असते. दाताचा मगज चारी बाजूंनी कठीण भिंतीत कोंडलेला आहे. तिथं सूज आली की दाब वाढतो, नस चेपली जाते, ठणका सुरू होतो. आडवं झालं की डोक्याकडं रक्ताचा दाब वाढतो, म्हणून तो रात्री जास्त. दिवस जातात, दाब वाढतच जातो, मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून येणारं रक्त बंद पडतं आणि मगज मरतो. मेलेली नस दुखत नाही. बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, काहीही केलं नाही तरी, ठणका आपोआप थांबतो. त्या दिवशी जो उतारा चालू असेल त्याची ख्याती होते. पहिल्या दिवशी मिठाच्या गुळण्या, दुसऱ्या दिवशी लसूण, तिसऱ्या दिवशी हिंग. चौथ्या दिवशी शांत. गावभर सांगितलं जातं, हिंगानं गुण आला. मग मेलेल्या मगजात जंतू वाढतात, महिन्या-दोन महिन्यांनी गाल सुजतो, आणि तेव्हा कुणाला हिंग आठवत नाही. या एका भ्रमानं माणसांचे जितके दात घालवले तितके साखरेनंही घालवले नसतील, असं मला कधी कधी वाटतं.

या उताऱ्यांपैकी एकानं मात्र दातापुरतं नुकसान करून थांबायचं नाकारलं. मिश्री. इथं बसलेल्या आया-बहिणींना ती कशी करतात हे मी सांगायला नको. तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा. सकाळी बोटावर घेऊन हिरडीला लावायचा. विचारा कधीपासून, तर लग्न झाल्यावर. विचारा कशासाठी, तर दाढ दुखत होती म्हणून. कुणाची पहिल्या बाळंतपणात दुखली, कुणाची ऊसतोडीच्या फडात, जिथं डॉक्टर नव्हता आणि शेजारच्या कोपीतल्या बाईच्या कनवटीला डबी होती. निकोटीननं जरा बरं वाटतं, दुखणं आठ दिवसांत थांबतं (का थांबतं ते आत्ताच सांगितलं), पण मिश्री थांबत नाही. मग तिच्याशिवाय परसाकडं होत नाही, मग दिवसातून चार वेळा. हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं, गार पाणी झोंबतं, आणि झोंबतं म्हणून पुन्हा मिश्री.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्यासह आपल्या महाराष्ट्रातल्या 1,01,761 खेडुतांची तोंडं तपासली आणि 1972मध्ये निष्कर्ष छापले. तोंडातले कर्करोगाआधीचे चट्टे आणि तंबाखू यांची सांगड त्यातून दिसली. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, 1987पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. 1992 साली सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. बंदी कारखान्याला लागते, चुलीवरच्या तव्याला नाही. मी मिश्री लावणाऱ्या बाईला रागावत नाही. तिची दाढ दुखत होती तेव्हा तिला दवाखान्यात न्यायला घरातल्या कुणाला सवड नव्हती. रागवायचंच झालं तर मी त्या घराला रागावतो.

युरोप-अमेरिकेचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सगळीकडं छापलेला आहे. तिथंही आधी नस जाळणंच होतं. न्यूयॉर्कच्या स्पूनरनं 1836मध्ये दाताच्या पोकळीत सोमल भरून नस मारण्याची पद्धत छापली. सोमल झिरपून हिरडी आणि हाड कुजल्याची उदाहरणं पुढं साचत गेली. हॉरेस वेल्स या दंतवैद्यानं डिसेंबर 1844मध्ये हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. विल्यम मॉर्टन, तोही दंतवैद्य, त्यानं 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक दिलं. शस्त्रक्रियेत माणसाला बेशुद्ध करण्याची जगातली पद्धत दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतून निघाली, हे आमच्या पंथाचे लोक थोड्या आढ्यतेनं सांगतात आणि मीही सांगतो. 1884मध्ये कोलरनं कोकेननं डोळा बधिर करून दाखवला. लगोलग हॉलस्टेड यानं खालच्या जबड्याच्या नसेजवळ कोकेन टोचून अर्धा जबडा बधिर केला, आणि स्वतःवर प्रयोग करता करता त्याचं व्यसन लावून घेतलं. आइनहॉर्नचं नोव्होकेन 1905चं, लोफग्रेनचं लिग्नोकेन 1943चं. आज भिगवणमध्ये दाढ काढताना तुम्हाला जे टोचतात ते हेच लिग्नोकेन. भारतात दंतवैद्यकाचं पहिलं महाविद्यालय रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यात काढलं आणि दंतवैद्यांचा कायदा 1948चा.

कोकेनपासून लिग्नोकेनपर्यंतच्या या बधिरीच्या औषधांमुळं नसेला काही वेळ गप्प करून परत बोलतं करता येऊ लागलं. सुश्रुताला, वाग्भटाला, फोशारला हे जमलं नव्हतं. त्या काळचे जालीम उपाय नस एकदाची संपवायचे.

पण एक दुखणं असं आहे की त्यात दाताचा दोषच नसतो. जबड्यात विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते, काही सेकंदांत जाते, पुन्हा येते. तोंड धुताना, दाढी करताना, थंडीत गाडीवरून जाताना गालाला वारं लागलं की. कायम एकाच बाजूला. रोगी बोट दाढेकडंच दाखवतो. दाढ काढली जाते. कळ शेजारच्या दाढेत जाते. तीही काढली जाते. चार-चार दाढा गेलेली माणसं माझ्याकडं आली आहेत, कळ जिथल्या तिथं. सुश्रुताच्या शिरोरोगांत अनंतवात नावाचा रोग आहे: मानेत, डोळ्यात, भुवईत, कपाळाच्या कडेला तीव्र वेदना, गालाचं थरथरणं, जबडा धरणं. बरेच वैद्य या दुखण्याची जोड त्याच्याशी लावतात. लंडनच्या जॉन फॉदरगिलनं 1773मध्ये या झटक्याच्या दुखण्याचं नेमकं वर्णन केलं. पुष्कळदा मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी पाचव्या नसेवर चढून बसलेली असते. साध्या वेदनाशामक गोळीनं हे थांबत नाही. फेफऱ्यासाठी काढलेल्या कार्बामाझेपिननं थांबतं, हे 1962मध्ये ब्लोमनं दाखवलं. तेव्हा झटक्यासारखी कळ असेल आणि दाताचा फोटो स्वच्छ असेल, तर डॉक्टर आग्रह करत असला तरी दाढ काढू देऊ नका. आणि एक जाता जाता: चालताना, जिना चढताना डाव्या जबड्यात दुखतं आणि बसलं की थांबतं, असं असेल तर माझ्याकडं येऊ नका. ते दुखणं हृदयाचं असू शकतं. सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

शेवटी नसेच्या इजेबद्दल, कारण हल्ली त्याच तक्रारी जास्त ऐकू येतात. खालची अक्कलदाढ काढली, आठवडा झाला, पण अर्धा ओठ अजून बधिर. चहा ओघळतो, कळत नाही. खालच्या जबड्याची नस हाडातल्या बोगद्यातून अक्कलदाढेच्या मुळांखालून जाते आणि उपदाढांपाशी बाहेर पडून ओठ-हनुवटीला पोचते. दाढ काढताना तिच्यावर दाब येऊ शकतो. जिभेची नस तर हाडाबाहेर, अक्कलदाढेच्या आतल्या अंगाला, मऊ मांसात असते. सेडननं 1943मध्ये नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले: नस नुसती दबली, आतले तंतू तुटले पण वेष्टण शाबूत, किंवा नस पूर्ण तुटली. पहिला काही आठवड्यांत बरा होतो. दुसऱ्यात तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात. अक्कलदाढेपासून ओठापर्यंतचं अंतर सहा-सात सेंटिमीटर, म्हणजे दोन-अडीच महिने कमीत कमी. तिसरा आपोआप बरा होत नाही. ओठाची नस बोगद्यात असल्यानं तिला वाट सापडते. जिभेच्या नसेला तसा आधार नाही.

मुंग्या येऊ लागल्या तर घाबरू नका, ती नस जागी होण्याची खूण आहे. बी-बाराच्या गोळ्या आम्ही देतो, पण त्यांवर भिस्त ठेवू नका. दर पंधरवड्याला डोळे मिटून कापसाची बत्ती ओठावर फिरवा आणि कुठं कळतं, कुठं नाही ते कागदावर मांडा. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर जबड्याच्या शल्यवैद्याकडं जा, वर्षभर थांबून नको. आणि दाढ काढण्याआधी पूर्ण जबड्याचा फोटो मागा. मूळ बोगद्याला चिकटलेलं दिसलं, तर हल्ली काही वेळा दाढेचं वरचं डोकं तेवढं कापून मुळं मुद्दाम आत ठेवतात. सुश्रुत मुळासकट काढा म्हणाला होता तो पू झालेल्या दाताबद्दल. नसेसाठी मूळ ठेवण्याची ही युक्ती त्याला पटली असती असं मला वाटतं. दात दुखणाऱ्यानं आंबट फळं, गार पाणी, रूक्ष आणि कठीण खाणं आणि दातवण हे सगळं टाळावं, इतका बारीक विचार करणारा माणूस होता तो.

कार्यकर्त्यांनी प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवला आहे. वरच्या दाढेचं उत्तर मी दिलं आहे, त्यामुळं तो प्रश्न आता पुन्हा नको. मिश्रीची डबी कनवटीला असेल आणि तोंडात पांढरा चट्टा आहे की काय अशी शंका असेल, तर त्या मावशींनी सगळ्यांसमोर विचारायची गरज नाही. बॅटरी आणि आरसा मी सोबत आणला आहे, मागच्या खोलीत बसतो.